एका ध्वनिमुद्रिकेचे पाठभेद : 'द ब्रँड न्यू हेवीज' आणि तिची रूपांतरे

जुन्या ग्रंथांच्या अभ्यासात मूळ पाठ कोणता आणि प्रक्षेप कोणता, हा प्रश्न परिचयाचा आहे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या ध्वनिमुद्रित संगीताच्या बाबतीत तो सहसा विचारला जात नाही. कारण ध्वनिमुद्रिकेवर साल छापलेले असते, कर्त्याचे नाव छापलेले असते आणि तेवढ्याने समाधान होते. परंतु लंडनच्या 'ब्रँड न्यू हेवीज' या वादकसंघाच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेचा इतिहास पाहिला असता हे समाधान फार वरवरचे असल्याचे दिसून येते.

हा संघ १९८५ च्या सुमारास पश्चिम लंडनमधील ईलिंग या भागात उदयास आला. जॅन किंकेड (ड्रम्स), सायमन बार्थोलोम्यू (गिटार) आणि अँड्र्यू लेव्ही (बेस गिटार) हे त्याचे तीन आधारस्तंभ. त्या काळी लंडनच्या नृत्यगृहांतून १९७० च्या आसपासच्या अमेरिकन फंक संगीताच्या दुर्मीळ तबकड्या हुडकून वाजविण्याची आवड बळावली होती, आणि अशा तबकड्यांसाठी 'रेअर ग्रूव्ह' हे नाव रूढ झाले होते. या तरुणांनी तबकड्या वाजविण्याऐवजी ते संगीत स्वतःच्या हातांनी वाजविण्याचे ठरविले. त्यांच्या वादनाला पुढे जे 'ॲसिड जॅझ' हे नाव चिकटले, ते मात्र शास्त्रीय विचारातून आलेले नाही. १९८७-८८ च्या सुमारास लंडनमध्ये 'ॲसिड हाउस' या यांत्रिक नृत्यसंगीताची लाट आली असता जाइल्स पीटरसन आणि क्रिस बँग्स या तबकडीवादकांनी थट्टेने केलेली ती कोटी होती. थट्टेतून जन्मलेले नाव पुढे गंभीर संज्ञा होऊन बसावे, हा प्रकार भाषेच्या इतिहासात नवा नव्हे. पीटरसन आणि एडी पिलर यांनी त्याच नावाची ध्वनिमुद्रण-संस्था काढली आणि संज्ञेवर शिक्कामोर्तब झाले.

या संस्थेने १९९० मध्ये संघाची पहिली ध्वनिमुद्रिका संघाच्याच नावाने प्रसिद्ध केली. तिच्यात 'बीएनएच', 'पुट द फंक बॅक इन इट' यांसारख्या निव्वळ वाद्यरचनांना मोठे स्थान होते. जेथे गायन होते, तेथे जे एला रूथ या गायिकेचा आवाज होता. पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या 'डिलिशस व्हायनल' या संस्थेने अमेरिकेसाठी तीच ध्वनिमुद्रिका काढली. 'तीच' हा शब्द येथे जपूनच वापरला पाहिजे. नाव तेच, वादक तेच, पुष्कळशा रचनाही त्याच. पण गायिका बदलली होती. अटलांटाहून आलेल्या एनडीया डेव्हनपोर्ट हिने 'ड्रीम कम ट्रू' आणि 'स्टे धिस वे' ही गीते नव्याने गायिली, आणि 'नेव्हर स्टॉप' या नव्या गीताची भर पडली. हे गीत १९९१ मध्ये अमेरिकेच्या 'बिलबोर्ड' नियतकालिकाच्या आर अँड बी यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढले. आज बहुसंख्य श्रोते ज्या कृतीला संघाची पहिली ध्वनिमुद्रिका समजतात, ती वस्तुतः हा दुसरा पाठ होय.

केवळ कालक्रम पाहिला, तर १९९०चा पाठ मूळ ठरतो. परंतु संघाची कीर्ती, त्याचे अमेरिकेतील स्थान, त्याच्या नावाशी निगडित झालेला आवाज, हे सारे १९९१ च्या पाठाचे फळ आहे. दोन्ही पाठांना आपापल्या जागी प्रमाण मानणे हाच येथे न्याय्य मार्ग दिसतो. तथापि एक गोष्ट नोंदविली पाहिजे : लोकप्रिय पाठाने जुना पाठ झाकला, की त्याबरोबर एक व्यक्तीही झाकली जाते. जे एला रूथ हिचे नाव संघाच्या संक्षिप्त परिचयांतून बहुधा एखाद्या वाक्यापुरतेच उरते.

पाठ बदलण्याची ही सवय संघाच्या स्वभावातच होती असे नव्हे; ती त्या संगीताच्या तंत्रात होती. वाद्ये आणि आवाज चुंबकीय फितीवर वेगवेगळ्या मार्गिकांत नोंदले जाऊ लागल्यापासून तयार गीत पुन्हा उलगडून निराळे विणणे शक्य झाले होते. जमैकात किंग टबी याने गाण्यातून आवाज काढून घेऊन ताल आणि बेस यांचे सांगाडे उभे केले. न्यूयॉर्कमध्ये टॉम मोल्टन याने नृत्यासाठी गीते लांबविली. 'रीमिक्स' या शब्दामागे हे दोन पूर्वज आहेत. एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती पाठ स्थिर करण्यासाठी. रीमिक्स करणाऱ्याचा हेतू नेमका उलट, पाठ अस्थिर ठेवण्याचा असतो.

१९९२ च्या 'हेवी ऱ्हाइम एक्स्पीरियन्स, खंड १' या कृतीत या व्यवहाराने विलक्षण वळण घेतले. तोवर हिप-हॉपचे कलावंत जुन्या फंक तबकड्यांतील तालाचे तुकडे उचलून त्यांवर आपली यमकबद्ध शब्दरचना म्हणत. येथे तुकड्यांच्या जागी जिवंत वादक आले. गँग स्टार, मेन सोर्स, मास्टा एस, कूल जी रॅप, फारसाइड आदींनी या तिघांच्या वादनावर आपले शब्द म्हटले. जुन्या तबकड्या ऐकून शिकलेले वादक अशा रीतीने स्वतःच तबकडीच्या जागी बसले. इतकेच नव्हे, तर त्यातील 'सोल फ्लॉवर' या रचनेचा रीमिक्स फारसाइडने त्याच वर्षी आपल्या स्वतःच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत समाविष्ट केला. एका संघाच्या कृतीचा पाठभेद दुसऱ्याच्या संहितेत जाऊन स्थिरावला, आणि तेथून शोधत मागे येणारे श्रोतेही काही थोडे नसावेत.

'ब्रदर सिस्टर' (१९९४) ही पुढील ध्वनिमुद्रिका अधिक सफाईदार आणि अधिक गायनप्रधान आहे. मारिया मल्डॉर हिने १९७० च्या दशकात गाजविलेले 'मिडनाइट ॲट द ओएसिस' हे गीत तिच्यात डेव्हनपोर्टच्या आवाजात आले आणि ब्रिटनमध्ये चांगलेच लोकप्रिय झाले. वाद्यरचनांचा जुना रांगडेपणा मात्र येथे ओसरलेला जाणवतो. १९९५ मध्ये विखुरलेल्या रूपांतरांचा संग्रह 'एक्सकर्शन्स : रीमिक्सेस अँड रेअर ग्रूव्ह्ज' या नावाने निघाला. त्यानंतर डेव्हनपोर्ट संघाबाहेर पडली. १९९७ च्या 'शेल्टर'मध्ये सीडा गॅरेट हिने तिची जागा घेतली, आणि २००६ च्या 'गेट यूज्ड टू इट'मध्ये डेव्हनपोर्ट पुन्हा परतली.