तालमीतले इंग्रजी

आम्हांला इंग्रजी शिकवले ते तालमीने, हे ऐकून आपण हसाल. परंतु गोष्ट खरी आहे. १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. त्याच वर्षी आमची सातवी संपली आणि सातवीबरोबर शाळाही. दिवसा मिळेल ते काम करावे आणि संध्याकाळी चाळीमागच्या व्यायामशाळेत जावे, असा क्रम पडला. तेथे रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक फिटरकाका येत. त्यांचे सारे आयुष्य इंग्रजी बोलणाऱ्या फोरमनांच्या हाताखाली गेलेले, त्यामुळे जोर मोजतानाही तोंडी इंग्रजीच. ‘अप’, ‘डाऊन’, ‘होल्ड’, ‘स्लो, स्लो’, ‘वन मोअर’, आणि दंड अर्धवट मारला की ‘नो चीटिंग!’ अर्थ कोणी सांगत नसे. तो खांद्याला आणि मांडीला कळे. डबल बारवर हात थरथरत असताना ‘होल्ड’ ऐकलेला माणूस तो शब्द जन्मात विसरत नाही. दहा बैठकांनंतर काका ‘रेस्ट’ म्हणत, तेव्हा तर तो शब्द इंग्रजी आहे असे वाटतच नसे.

पुढे वाचनाची गोडी लागली तेव्हा ध्यानात आले, की या व्यवहारात आपण नुसते उसनवार करणारे नव्हतो. ‘जिमखाना’ हा शब्द घ्या. पुण्याचा डेक्कन जिमखाना १९०६ सालचा, पण शब्द त्याहून जुना. १८८६ साली निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात तो आहे. कोशकारांचे मत असे, की मूळ ‘गेंदखाना’ असावा आणि साहेबाच्या ‘जिम्नॅस्टिक’शी त्याचे लग्न लागले असावे. ‘शाम्पू’ची कथा याहून गमतीची. तालमीतली चंपी आपण जाणतोच. हिंदीतल्या ‘चाँपना’ म्हणजे दाबणे, रगडणे या क्रियापदावरून इंग्रजांनी ‘शाम्पू’ केला. मूळ पाटण्याचा शेख दीन महंमद याने इंग्लंडात ब्रायटनला मालिशीचे स्नानगृह थाटले, १८२२ साली त्यावर पुस्तक लिहिले, आणि तो राजाचा ‘शाम्पूइंग सर्जन’ म्हणवला गेला. रगडणाऱ्या हातांचा तो शब्द आता बाटलीत बसून आपल्याकडे परत आला आहे. डंबेल मात्र अस्सल त्यांचेच. देवळाची घंटा ओढण्याचा व्यायाम व्हावा पण आवाज होऊ नये म्हणून केलेली ती ‘मुकी घंटा’.

आपले मुद्गल आणि करेल साहेबाच्या लष्कराने उचलले आणि त्यांना ‘इंडियन क्लब्ज’ असे नाव दिले. ते इतके फोफावले, की १९०४ च्या सेंट लुईस आणि १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये मुद्गल फिरवण्याची स्पर्धा होती. १९३२ चे सुवर्णपदक जॉर्ज रॉथ या अमेरिकनाला मिळाले. मंदीचे दिवस होते, गडी बेकार होता. पदक घेऊन मैदानाबाहेर आला आणि रस्त्यावरच्या मोटारींना हात दाखवत घरी गेला, असे सांगतात. संघटनेच्या सभांत ही गोष्ट आम्ही पुष्कळदा सांगितली आहे.

आपल्याकडे या परक्या शब्दांचा कंटाळा आलेली माणसेही होती. बडोद्याच्या प्रो. माणिकरावांनी कवायतीचे हुकूम देशी भाषेत घडवले. त्यांचा अभिमान आम्हांला मान्य आहे. तथापि गिरणीच्या फाटकावरची नोटीस काही देशी भाषेत लागत नसे.

आता खाशाबा जाधवांकडे वळू. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान लाल मातीतला. १९४८ साली लंडनला गेला तेव्हा गादीची सवय नव्हती, डाव शिकवायला रीस गार्डनर हा अमेरिकन. तरी सहावा आला. १९५२ च्या हेलसिंकीत जपानच्या इशीशी दीर्घ झुंज झाली आणि लगेच रशियाच्या मल्लापुढे उभे राहण्याचा हुकूम आला. नियमाप्रमाणे मध्ये अर्धा तास विश्रांती हवी होती, पण ती मागायला आपला एकही अधिकारी जवळ नव्हता, असे सांगितले जाते. दमलेला गडी हरला. कांस्यपदक मिळाले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, आणि आपण त्याचा सार्थ अभिमान बाळगतो. पण आमच्या मनात तो अर्धा तासच राहतो. खाशाबा कॉलेजात शिकलेले होते. शब्दावाचून अडले असे म्हणवत नाही. तो ठणकावून म्हणायला बाजूला माणूस नव्हता.

खाशाबा लंडनला गेले त्याच १९४८ साली फॅक्टरी कायदा झाला. त्याच्या ५५ व्या कलमात म्हटले होते, की पाच तासांपेक्षा जास्त काम सलग घ्यायचे नाही; मध्ये निदान अर्धा तास ‘इंटरव्हल फॉर रेस्ट’ दिलाच पाहिजे. पुढे नव्या संहितेने त्या कायद्याची जागा घेतली, पण आमची उमेदवारी त्या कलमावर झाली.

आम्ही विशीत असताना एका कारखान्यात लागलो होतो. एके सकाळी फाटकावर इंग्रजी नोटीस लागली आणि टाइमकीपर सह्या घेऊ लागला. आम्ही अक्षरे लावीत वाचू लागलो, तो ‘रेस्ट’ शब्द भेटला, आणि त्याच्या अलीकडे ‘ट्वेंटी मिनिट्स’. पुढचे काही कळेना, पण काकांच्या ‘रेस्ट’मधली दहा मिनिटे कोणी कापतो आहे एवढे कळले. वरच्या ओळीत ‘इन एक्झरसाइज ऑफ द पॉवर्स’ असे होते. एक्झरसाइज म्हणजे व्यायाम, पॉवर म्हणजे ताकद. तेव्हा मॅनेजरसाहेब ताकदीचा व्यायाम करीत आहेत, असा आम्ही सर्वांना अर्थ सांगितला. (खरा अर्थ ‘अधिकार वापरून’. पण आमचा अर्थ फार चुकला होता असे आजही वाटत नाही.) त्या दिवशी एकानेही सही केली नाही. संध्याकाळी कागद उतरवून युनियनच्या वकिलांकडे नेला; त्यांनी ५५ वे कलम उघडून आमचे बोट त्यावर ठेवले. तीन आठवड्यांनी नोटीस उतरली.

त्या रात्री व्यायामशाळेत काकांना सारे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, डंबेल आमच्याकडे सरकवले आणि म्हणाले, “मग आता बसलास कशाला? रेस्ट ओव्हर. वन मोअर.”