पंचनाम्यात न आलेला कुत्रा

गेल्या हिवाळ्यात आठवीच्या वर्गाला ‘माझा पाळीव प्राणी’ हा निबंध दिला होता. विषय जुनाच. मुले दरवर्षी तेच लिहितात, मीही दरवर्षी त्याच चुका दुरुस्त करतो. या वेळी मात्र तीन निबंधांचा शेवट सारखाच निघाला. एकाच्या कुत्र्याचे नाव मोती, दुसऱ्याचा वाघ्या, तिसऱ्याचा टायगर. तिघांनाही रात्री ‘वाघाने नेले’. आमच्या शिक्रापूरच्या बाजूला बिबट्याला वाघच म्हणतात. ही मुले गावठाणातली नाहीत. उसाच्या कडेला, मळ्यातल्या वस्त्यांवर राहणारी आहेत.

त्याच आठवड्यात ओळखीच्या एका खालांचा बोकड गेला. ईदसाठी वर्षभर पाळलेला. दोन होते, त्यातला मोठा गेला. सकाळी वनरक्षक आले, फोटो काढले, पंचनामा झाला, भरपाईचा अर्ज भरला गेला. बोकडाचा कागद तयार झाला. तीन कुत्र्यांचा झाला नाही. भरपाई गाय, बैल, म्हैस, शेळी, मेंढी अशा जनावरांची मिळते, कुत्र्याची मिळत नाही. मग कुत्रा गेल्याचे सांगायला कोण कशाला जाईल?

मी भाषेचा शिक्षक. इतिहास हा माझा छंद. जुने कागद वाचायची सवय लागली की एक गोष्ट लवकर कळते. कागद खोटा नसला, तरी तो ज्याने लिहिला त्याच्या गरजेपुरतेच बोलतो. बिबट्या काय खातो, हा प्रश्न मला त्या वह्यांमुळे पडला आणि उत्तर शोधताना पुन्हा कागदांपाशीच आलो.

हिंस्र प्राण्याच्या खाण्याचा काटेकोर लेखी हिशेब आपल्याकडे अकबराच्या काळापासून सापडतो. अबुल फज़लच्या ‘आईन-ए-अकबरी’त शिकारीसाठी पाळलेल्या चित्त्यांच्या रोजच्या खुराकाचा तक्ता आहे. पहिल्या प्रतीच्या चित्त्याला रोज पाच शेर मांस, मग प्रत उतरत जाईल तसे कमी, शेवटच्या आठव्या प्रतीला पावणेतीन शेर. रविवारी जनावरे कापली जात नसत, म्हणून शनिवारी दुप्पट मांस द्यायचे, हीसुद्धा नोंद आहे. फारसीत या प्राण्याला ‘यूज़’ म्हणतात. तो चित्ता. आपला बिबट्या म्हणजे उर्दूतला तेंदुआ. इंग्रजी भाषांतरांत आणि शिकारकथांत या दोघांची इतकी सरमिसळ झाली आहे की वाचताना जपून राहावे लागते. बादशहाने हा हिशेब का ठेवला? मांस सरकारी खर्चाने येत होते म्हणून. रानातला चित्ता काय खातो, याच्याशी त्या तक्त्याला देणेघेणे नव्हते.

पुढे इंग्रज आले. आमचे शिरूर, म्हणजे घोडनदी, ही त्यांची छावणी होती. दख्खनची पाहणी करणारे कर्नल विल्यम हेन्री साईक्स यांनी १८३१ साली इथल्या लांडग्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि त्यात ‘लांडगा’ हे मराठी नावही नोंदवले. मात्र सरकारी दप्तराला रस होता तो मारलेल्या जनावरांच्या आकड्यात. वाघ, बिबटे, लांडगे मारले की बक्षीस मिळे, म्हणून किती मारले याची नोंद राहिली. ते काय खाऊन जगत होते, हे कुणी विचारले नाही.

म्हणजे मोगलांनी खर्च लिहिला, इंग्रजांनी बक्षीस लिहिले, आणि आपण भरपाई लिहितो.

मग जनावराने खरोखर काय खाल्ले, हे कळायचे कसे? त्याच्या विष्ठेतून. ऐकायला किळसवाणे वाटेल, पण याहून प्रामाणिक दस्तावेज नाही. जगभर हेच करतात. दक्षिणेच्या थंड समुद्रात फर सील नावाचा लव असलेला समुद्री प्राणी आहे. त्याच्या विष्ठेत माशांच्या कानातले बारीक खडे आणि माकुळाच्या चोची सापडतात. त्या मोजून कळले की एकाच जातीचा सील साउथ जॉर्जिया बेटाजवळ मुख्यतः क्रिल नावाच्या झिंग्यासारख्या बारीक जिवावर जगतो, तर मॅक्वारी बेटाजवळ खोल पाण्यातल्या चमकणाऱ्या माशांवर. ऋतू बदलला की हे प्रमाणही बदलते. समुद्रात जिथे जेव्हा जे भरपूर, ते त्याच्या पोटात. बिबट्याच्या विष्ठेत केस सापडतात. केसाची आतली रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की तो शेळीचा, कुत्र्याचा की मांजराचा हे ओळखता येते.

हे काम आपल्या शेजारीच झाले आहे. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उसाच्या पट्ट्यातल्या बिबट्यांचा अभ्यास केला. तिथे दर चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसे राहतात, आणि तरी शंभर चौरस किलोमीटरमध्ये सुमारे पाच मोठे बिबटे निघाले. विष्ठेच्या तपासणीत पोटात गेलेल्या मांसाच्या वजनापैकी ८७ टक्के पाळीव आणि माणसाजवळच्या प्राण्यांचे होते. त्यात एकट्या कुत्र्याचा वाटा ३९ टक्के. त्याखालोखाल मांजर १२ टक्के. शेळ्या त्या भागात कुत्र्यांच्या सातपट, तरी शेळीचा वाटा ११ टक्केच. शेळी रात्री गोठ्यात असते, तिच्यावर मालकाचे लक्ष असते. कुत्रा रात्री बाहेरच असतो.

आता पंचनाम्यांचा गठ्ठा आणि हा निष्कर्ष शेजारी ठेवून पाहा. कागद वाचणाऱ्याला वाटेल की बिबट्या शेळ्या-मेंढ्यांवर जगतो. प्रत्यक्षात त्याचे रोजचे जेवण कागदावर येतच नाही. माझ्या तीन विद्यार्थ्यांचे निबंध सरकारी दप्तरापेक्षा जास्त खरे निघाले.

पण अकोल्याचा आकडा सगळीकडे लावायचा नाही. आपल्या भीमेच्याच काठाने खाली उतरत या. नदी उगम पावते ते भीमाशंकरचे जंगल. शेकरूसाठी १९८५ साली ते अभयारण्य झाले. तिथल्या बिबट्यापुढे भेकर आहे, रानडुक्कर आहे, वानर आहे. तिथे त्याला शिकारीसाठी कुणाच्या ओसरीवर यायचे कारण कमी.

खेड, आंबेगाव ओलांडून शिरूर तालुक्यात आलात की दुसरा मुलूख लागतो. माझ्या आजोबांच्या पिढीत हा जिरायती भाग होता. बाजरी, हुलगा, मटकी, आणि पाऊस नसला की स्थलांतर. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली माणसे अजून गावात आहेत. मग कुकडी प्रकल्पाची धरणे झाली, चासकमानचा कालवा झाला. पाणी आले, ऊस आला, कारखाने आले. चांगलेच झाले, त्या पाण्यावर आमची मुले शिकली. पण ऊस हे वर्षभर आणि त्याहून जास्त काळ उभे राहणारे पीक आहे. आत सावली, गारवा, जवळ पाट, आणि माणूस आत शिरत नाही. बिबट्याला बाळंतपणासाठी याहून चांगली जागा कोणती? राहिला प्रश्न जेवणाचा. तो आपण सोडवला. महामार्गालगतची हॉटेले, मटण-चिकनच्या दुकानांचा उकिरड्यावर टाकलेला कचरा, मंगल कार्यालयांमागचे उष्टे, कोंबड्यांच्या शेडबाहेर फेकलेली मेलेली पाखरे. त्यावर कुत्री वाढली, आणि कुत्र्यांवर बिबटे.

आणखी खाली दौंड-बारामतीकडे, कालव्याचे पाणी न पोहोचलेल्या माळावर तिसरा मुलूख आहे. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य त्यातलेच, चिंकाऱ्यांसाठी राखलेले. हा लांडग्याचा प्रदेश. गुजरातमधल्या वेळावदरच्या गवताळ रानात लांडगा प्रामुख्याने काळविटावर जगतो. आपल्याकडे सोलापूरच्या माळावर काळवीट, ससा असला तरी त्याची मोठी भिस्त शेळ्या-मेंढ्यांवर आहे. धनगर बांधवांना हे कुणी शिकवायची गरज नाही. कळपामागून लांडगा येणार हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गृहीत धरले आहे. इथेही कुत्रा आहेच, पण वेगळ्या नात्याने. पुणे परिसरात लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचे जनुकीय चाचणीत दिसून आले आहे. एका बाजूला कुत्रा बिबट्याच्या ताटात, दुसऱ्या बाजूला लांडग्याच्या घरात.

नदी एक, पण ताटे तीन. आणि ऋतू बदलला की प्रत्येक ताटही बदलते. दिवाळीच्या आसपास कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो. ऊसतोड मजूर येतात, त्यांच्याबरोबर बैल, शेळ्या, कोंबड्या, कुत्री आणि लहान मुले. पाचटाच्या खोप्या फडाच्या कडेलाच पडतात. रोज एक फड मोकळा होतो आणि आतले जनावर शेजारच्या फडात सरकते. बछडी सापडतात ती याच दिवसांत. याच सुमारास धनगरांचे वाडे वाटेला लागतात, खतासाठी मोकळ्या रानात मेंढरे बसवली जातात. रब्बीच्या पिकाला पाणी द्यायला माणसे रात्री शेतात असतात, कारण शेतीपंपाची वीज अनेकदा रात्रीच येते. ज्या महिन्यांत बिबट्याचा आडोसा कमी होतो, त्याच महिन्यांत उघड्यावर झोपणारी माणसे आणि जनावरे वाढतात. पावसाळ्यात उलट होते. मजूर गावी गेलेले, पिके उंच, बिबट्या दिसत नाही. लोक म्हणतात, गेला. तो गेलेला नसतो. उकिरड्यावर कुत्री असतात, तोवर त्याला कुठे जायचे कारण नसते.

हा सगळा हिशेब कशासाठी, असे कुणी विचारेल. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये आमच्याच तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांत तीन माणसे गेली. एक पाच वर्षांची मुलगी, एक वृद्ध आजी आणि एक तेरा वर्षांचा मुलगा. लोकांनी महामार्ग अडवला, वन खात्याची गाडी जाळली, आणि शेवटी नेमबाजांनी एक बिबट्या मारला. तेरा वर्षांचा मुलगा म्हणजे माझ्या वर्गातल्या बाकावर बसणारा मुलगा. त्या घरांसमोर उभे राहून टक्केवारी सांगायची माझी हिंमत नाही. ज्या बिबट्याने माणसे मारली त्याचा बंदोबस्त झालाच पाहिजे, याबद्दल दुमत नसावे.

पण ‘सगळे पकडा आणि जंगलात सोडा’ ही मागणी ऐकली की मला जुने दप्तर आठवते. हे करून झाले आहे. जुन्नर भागात १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. २००१ नंतर बिबटे पकडून जवळच्या जंगलांत सोडायला सुरुवात झाली आणि २००३ पर्यंतच्या काळात ती सरासरी सतरावर गेली. जीवघेण्या हल्ल्यांचे प्रमाणही दुप्पट झाले. पकडलेले जनावर बिथरते, अनोळखी जागी सोडले की परतीची वाट धरते. ‘आजोबा’ सर्वांना माहीत आहे. २००९ साली आमच्या शेजारच्या पारनेर तालुक्यात, टाकळी ढोकेश्वरला विहिरीतून काढलेला हा बिबट्या गळ्यात पट्टा घालून माळशेजला सोडला. सुमारे महिन्याभरात तो शंभराहून जास्त किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाजवळ पोहोचला. पुढे त्याच्यावर मराठी चित्रपटही निघाला. आणि इकडे रिकामी झालेली जागा? जेवण मांडलेलेच असेल, तर दुसरा बिबट्या येऊन बसतो.

म्हणून ताटापासून सुरुवात करायला हवी. उकिरड्यावर मांसाचा कचरा पडू नये, हे ग्रामपंचायत आणि दुकानदार दोघे मिळून करू शकतात. दुकानदारांत आमच्या समाजाचे बरेच जण आहेत, म्हणून हे मी आधी घरातच सांगतो. भटक्या कुत्र्यांची नसबंदी हा शहराचाच विषय नाही, आमच्या वाड्या-वस्त्यांचाही आहे. शेळ्यांना वरून बंद होणारा गोठा हवा. शेतीला दिवसा वीज हवी. आणि सर्वांत आधी, खोप्यांत झोपणाऱ्या मजुरांच्या लेकरांना हंगामभर बंद दाराची जागा हवी. कारखान्यांना हे अवघड नाही.

एक मात्र सांगायला हवे. कुत्री अचानक कमी केली आणि गोठे उघडेच ठेवले, तर बिबट्याचा मोर्चा शेळीकडे वळेल. दोन्ही बरोबरच करावे लागेल. आणि त्यासाठी किती कुत्री जातात, कुठून जातात, कोणत्या महिन्यात जातात, हे आधी कळायला हवे. त्याचा कागद आज कुणाकडेच नाही.

आम्ही वर्गात एक वही सुरू केली आहे. चार रकाने आखले आहेत: तारीख, वस्ती, काय गेले, आणि शेजारच्या शेतात तेव्हा कोणते पीक उभे होते. भरपाईशी तिचा संबंध नाही, हे मुलांना आधीच सांगितले. पहिल्या पानावर मोती, वाघ्या आणि टायगर यांची नावे आहेत. खालांचा बोकड चौथ्या ओळीत आहे.