स्पार्क प्लगची निवड : आधी उष्णता, मग ठिणगी

गोंदिया जिल्ह्यात, देवरी तालुक्यातल्या चिचगडसारख्या गावात मोटार दोन टोकांची कामे करते. एरवी तिच्या फेऱ्या जवळच्या असतात. बाजार, बँक, दवाखाना झाला की इंजिन पुरते तापायच्या आत बंद होते. मग एखाद्या दिवशी लग्नाची मंडळी भरून देवरी गाठायची आणि तिथून राष्ट्रीय महामार्ग ५३ ने नागपूर किंवा रायपूरपर्यंत सलग धावायचे, तेही मे महिन्याच्या विदर्भी उन्हात. दोन्ही कामांत इंजिनातला प्लग तोच असतो. म्हणून ‘कोणता प्लग चांगला’ याचे उत्तर कंपनीच्या नावात किंवा किमतीत सापडत नाही. ठिणगी तर प्रत्येक धडका प्लग टाकतो. या इंजिनात आपली उष्णता योग्य गतीने बाहेर सोडणारा प्लग कोणता, हे ठरवणे म्हणजे निवड.

१. व्याप्ती

हे विवेचन पेट्रोलवर आणि गॅसवर चालणाऱ्या इंजिनांपुरते आहे. ट्रॅक्टर आणि प्रवासी वाहून नेणाऱ्या बहुतेक काळीपिवळ्या डिझेलवर चालतात. त्यांच्या इंजिनात हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच डिझेल पेटते. त्यांतल्या अनेकांत जो हीटर प्लग असतो, तो थंडीत सुरुवातीला ज्वलनाची कोठी तापवण्यासाठी. तो ठिणगी टाकत नाही.

२. ठिणगीला लागणारे व्होल्ट

प्लगच्या दोन टोकांमधली फट वीज सहज ओलांडत नाही. त्यासाठी कॉइलला साधारण १० ते ३० हजार व्होल्ट उभे करावे लागतात. फट जितकी रुंद आणि तिच्यातला वायू जितका दाबलेला, तितके व्होल्ट जास्त लागतात. फट, दाब आणि व्होल्ट यांचा हा संबंध जर्मन शास्त्रज्ञ फ्रीड्रिश पाशेन यांनी १८८९ मध्ये मांडला. मेकॅनिकच्या रोजच्या अनुभवाचे कारण यातच आहे. झिजलेल्या प्लगची गाडी उभ्या जागी नीट चालते, पण भरल्या चढावर मिसिंग करते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि झिजून रुंदावलेली फट ओलांडायला कॉइल कमी पडते.

ही झीज किती वेगाने होते याचा हिशेब सोपा आहे. ताशी ६० किलोमीटर वेगात इंजिन मिनिटाला २,४०० फेरे घेते असे धरू. फोर-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांमागे एक ठिणगी, म्हणजे एका किलोमीटरला प्रत्येक प्लगच्या १,२०० ठिणग्या. ४०,००० किलोमीटरला त्या ४ कोटी ८० लाख होतात. प्रत्येक ठिणगी धातूचा कणभर अंश नेते.

३. गरम प्लग, थंड प्लग

निवडीचा गाभा इथे आहे. प्लगच्या आतल्या पांढऱ्या चिनी मातीसारख्या भागाचे टोक साधारण ४५० अंश सेल्सियसच्या वर राहिले, तर त्यावर बसलेली काजळी आपोआप जळून जाते. तेच टोक ८५० अंशांच्या आसपास गेले, तर ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटू लागते, आणि अशा अकाली ज्वलनाने पिस्टन वितळू शकतो. प्लगने काम करायचे ते या दोन मर्यादांच्या मध्ये.

टोकाचे तापमान ठरते ते त्या पांढऱ्या भागाच्या लांबीवरून. हे पांढरे नाक लांब असेल तर उष्णतेला इंजिनाच्या हेडपर्यंत पोहोचायला लांबची वाट पडते. हा ‘गरम’ प्लग. नाक आखूड असेल तर उष्णता लवकर निघून जाते. हा ‘थंड’ प्लग. उष्णता-श्रेणीच्या एका पायरीने टोकाच्या तापमानात साधारण ७० ते १०० अंशांचा फरक पडतो. म्हणजे जवळच्या फेऱ्यांनी प्लग काळा पडतो म्हणून दोन पायऱ्या गरम प्लग बसवला, तर तोच प्लग महामार्गावर भर उन्हात धोक्याच्या रेषेजवळ जातो. इंजिन बनवणाऱ्याने पुस्तिकेत दिलेली श्रेणी या दोन्ही टोकांचा विचार करून ठरलेली असते. गावातल्या वापरासाठी ती बदलण्याचे कारण नाही. काजळीवर खरा उपाय म्हणजे अधूनमधून इंजिन पुरते तापेल एवढी सलग दौड.

४. क्रमांकाचा फसवा खेळ

श्रेणी कोडमध्ये लिहिलेली असते, पण सगळ्या कंपन्या एकाच दिशेने मोजत नाहीत. एनजीके आणि डेन्सो यांचा आकडा वाढला की प्लग थंड होतो. बॉशचा आकडा वाढला की प्लग गरम होतो. १९५१ साली स्थापन झालेल्या मायको कंपनीचे प्लग वापरून हात बसलेल्या जुन्या कारागिरांच्या डोक्यात बॉशचीच मोजणी आहे, कारण मायको ही बॉशचीच भारतातली कंपनी. बॉशचा डब्ल्यूआर७डीसी हा एनजीकेच्या बीपीआर६ईएसच्या जोडीचा. ‘सातच्या जागी सात’ म्हणून एनजीकेचा सात नंबर बसवला, तर इंजिनात एक पायरी थंड प्लग जातो.

बीपीआर६ईएस हे कोड असे वाचतात : ‘बी’ म्हणजे १४ मिलिमीटरचे आटे, ‘पी’ म्हणजे पुढे आलेले नाक, ‘आर’ म्हणजे आतला रेझिस्टर, ६ ही उष्णता-श्रेणी, ‘ई’ म्हणजे १९ मिलिमीटर लांबीचे आटे आणि ‘एस’ म्हणजे तांब्याच्या गाभ्याचा साधा प्रकार. शेवटी ११ असेल तर फट १.१ मिलिमीटर. आट्यांची लांबी चुकली तर नुकसान सर्वांत मोठे होते : लांब प्लगवर पिस्टन आदळू शकतो, आखूड प्लगची ठिणगी कोठीच्या कोपऱ्यात अडकते. ‘आर’ गाळला तर ठिणगीचा विद्युत गोंगाट रेडिओत आणि इंजिनाच्या संगणकात शिरतो.

५. धातू

निकेल १,४५५ अंशांना वितळते, प्लॅटिनम १,७६८ ला, इरिडियम २,४४६ ला. इरिडियम टणक असल्याने मधले टोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास बारीक ठेवता येते, आणि बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टमध्ये उडी घेते. आयुष्यही मोठे : चांगला निकेल प्लग ३०-४० हजार किलोमीटर चालतो, इरिडियम लाखाच्या घरात. मात्र इरिडियम म्हणजे जास्त ताकद असे नाही. ज्या इंजिनात निकेल प्लग ठीक ठिणगी टाकतो, तिथे महाग धातू बदलीची वारंवारता तेवढी कमी करतो. सुटे भाग आणायला देवरी किंवा गोंदिया गाठावे लागत असेल, तर हा फायदा खरा आहे. प्लग हाताशी मिळत असेल आणि गाडी कमी चालत असेल, तर निकेल पुरे.

६. इंधन

आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. हे इथेनॉल उसाप्रमाणे मका आणि तांदळाच्या कनकीपासूनही तयार होते, म्हणजे गोंदियासारख्या धानाच्या पट्ट्याशी त्याचा संबंध आहे. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा बरीच जास्त उष्णता लागते. त्यामुळे पौष-माघाच्या पहाटे गाडी सेल्फला थोडी जड जाते. शिवाय लिटरमागे इथेनॉलमध्ये ऊर्जा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. हिशेबाने २० टक्के मिश्रणात सहा-सात टक्के ऊर्जा घटते. तेवढा अ‍ॅव्हरेज पडला तर दोष प्लगचा नव्हे. सीएनजी बसवलेल्या इंजिनात मात्र ठिणगीला जास्त व्होल्ट लागतात. तिथे किट बनवणाऱ्याने सांगितलेली, बहुधा लहान, फट ठेवावी.

७. बसवणे हाही निवडीचा भाग

प्लगची बरीचशी उष्णता आटे आणि वॉशर यांतून हेडमध्ये उतरते. प्लग ढिला राहिला की ही वाट तुटते आणि अचूक श्रेणीचा प्लगही तापतो. इंजिन थंड असताना नवा १४ मिलिमीटरचा वॉशरवाला प्लग आधी हाताने टेकेपर्यंत फिरवावा, मग पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा द्यावा. त्याहून जास्त जोर लावला तर ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे जातात. निकेल प्लगची फट फिलर गेजने तपासावी. इरिडियमच्या टोकाला गेज किंवा पॉलिश पेपर लावू नये.

८. निष्कर्ष

निवडीचा क्रम असा : आट्यांचे माप, उष्णता-श्रेणी, रेझिस्टर, फट आणि सर्वांत शेवटी धातू. काही हजार किलोमीटरनंतर प्लग काढून पाहावेत. फिकट तपकिरी किंवा राखाडी रंग म्हणजे निवड बरोबर. कोरडी काजळी जास्त इंधन, तुंबलेला एअर फिल्टर किंवा नुसत्या जवळच्या फेऱ्या सांगते. ओला तेलकट काळा थर झिजलेल्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह सीलकडे बोट दाखवतो. पांढरे, फोड आलेले नाक म्हणजे अति उष्णता. तिथे आधी प्लगची घट्ट बसणी, कूलंट आणि इंधनाचे प्रमाण तपासावे. योग्य कोडचा, नीट बसवलेला नवा संच आठवड्यात पुन्हा तशाच खराब रंगाचा झाला, तर तिसरा संच घेण्यात अर्थ नाही. बिघाड इंजिनात आहे आणि दुरुस्तीचा पैसा तिथेच लावावा.