आकाशांतील दणक्याचें मोजमाप

अंतराळाकडे झेप घेऊन पुन्हा आपल्या पायांवर भूमीवर उभा राहणारा अग्निबाण आतां नवलाचा राहिलेला नाहीं. २१ डिसेंबर २०१५ च्या रात्रीं फ्लोरिडांतील केप कॅनव्हेरल येथें फाल्कन ९ या अग्निबाणाचा पहिला टप्पा प्रथमच असा सुखरूप उतरला. त्याच वेळीं जो दणका कानीं आला, त्यामुळें कंपनीचे प्रमुख ईलॉन मस्क यांनाही अग्निबाण फुटल्याचाच क्षणभर भास झाला. या दणक्यास सॉनिक बूम म्हणतात.

ध्वनीहून अधिक वेगानें येणाऱ्या वस्तूची वर्दी पुढील हवेस मिळतच नाहीं. ती एकाएकीं दाबली जाते आणि तो दाब लहरीच्या रूपानें पसरतो. उडत्या गोळीभोंवतालच्या अशा लहरींचीं छायाचित्रें अर्न्स्ट माख व पेटर झाल्खेर यांनीं १८८७ सालीं प्रसिद्ध केलीं. ध्वनीची मर्यादा ओलांडतांना एकदांच दणका होतो, हा समज मात्र खरा नव्हे. वस्तु त्या वेगानें जात असेपर्यंत तिच्या मार्गाखालील प्रत्येक गांवास तो ऐकावा लागतो.

हा दणका माणसांस कितपत सोसवेल, हें पाहण्यासाठीं अमेरिकेच्या विमानवाहतूक खात्यानें १९६४ सालीं एक अख्खें शहरच प्रयोगशाळा केलें. फेब्रुवारीपासून सुमारें सहा महिने ओक्लाहोमा सिटीवर लष्करी विमानांकडून १,२५३ दणके देण्यांत आले. सकाळीं सातापासून आरंभ होई. दिवसास आठ हें ठरलेलें प्रमाण. दाबाची वाढ चौरस फुटास एक ते दोन पौंड, एवढीच अपेक्षित होती. वातावरणाचा नित्याचा दाब चौरस फुटास सुमारें २,१०० पौंड असतां दोन पौंडांची ती काय मातबरी! परंतु ही वाढ सेकंदाच्या कांहीं सहस्रांशांत होते. म्हणूनच तावदानें हादरतात आणि झोपलेलें मूल दचकून उठतें. पहिल्या चौदा आठवड्यांतच शहरांतील दोन उंच इमारतींच्या १४७ खिडक्या फुटल्या. तक्रारी पंधरा हजारांवर गेल्या. शेवटीं शेंकडा २७ लोकांनीं, असे रोज आठ दणके आपणांस कधींच अंगवळणीं पडणार नाहींत, असें सांगितलें. माझ्या मतें त्या प्रयोगांतील सर्वांत मोलाचा आंकडा हाच. तो कोणत्याही यंत्रानें दिलेला नव्हता. पुढें १९७३ सालीं अमेरिकेनें आपल्या भूमीवरून ध्वनीहून वेगवान मुलकी विमानें उडविण्यास बंदी केली.

परत येणाऱ्या अग्निबाणाचें गणित याहून निराळें आहे. विमानाचे वा स्पेस शटलचे बहुधा दोन दणके ऐकूं येत, एक पुढच्या भागाचा, एक मागच्या. फाल्कन ९ चे तीन येतात. यूटा संस्थानांतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या संशोधकांनीं ध्वनिग्राहक यंत्रें मांडून या तिसऱ्याचा उलगडा केला. टप्पा इंजिनें खालीं करून उतरतो; म्हणून पहिला दणका खालच्या भागाचा व अखेरचा वरच्या जाळीदार पंखांचा असतो. पंखांची एक लहर मात्र पुढें सरकते. खालच्या भागामागून येणारी विरळ दाबाची लहर तिला वाटेंत भेटते, आणि त्यांच्या मीलनांतून मधला दणका उपजतो.

१३ ऑक्टोबर २०२४ रोजीं टेक्ससच्या किनाऱ्यावर स्टारशिपचा सुमारें ७१ मीटर उंचीचा खालचा टप्पा मनोऱ्यावरील दोन बाहूंनीं प्रथमच अलगद झेलला. त्या सकाळींही याच विद्यापीठाचे केंट गी व त्यांचे सहकारी दणका टिपण्यास सिद्ध होते. त्यांचीं यंत्रें सुमारें १० ते ३५ किलोमीटरांच्या टापूंत, माणसें राहतात त्या वस्त्यांपर्यंत मांडलेलीं होतीं.