इंडिया पेल एल

इंडिया पेल एल, संक्षेपाने आयपीए, हा बिअरच्या एल वर्गातील एक प्रकार आहे. फिकट माल्ट, हॉप्सचे भरपूर प्रमाण, ठळक कडवटपणा आणि सर्वसाधारण बिअरहून काहीसा अधिक मद्यार्क ही त्याची प्रमुख लक्षणे होत. नावात 'इंडिया' असले तरी या प्रकाराचा जन्म भारतात झालेला नाही. इंग्लंडमधून कोलकाता, मद्रास व मुंबई या बंदरांकडे निर्यात होणाऱ्या फिकट एलवरून हे नाव रूढ झाले.

इतिहास

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या पूर्वेकडील बो येथील जॉर्ज हॉजसन यांच्या मद्यनिर्माणशाळेतील बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून भारतात येऊ लागली. ही शाळा जहाजांच्या धक्क्यांजवळ होती आणि हॉजसन कप्तानांना दीर्घ मुदतीची उधारी देत. त्यामुळे या व्यापारावर त्यांचे वर्चस्व निर्माण झाले. केप ऑफ गुड होपला वळसा घालून येणारा प्रवास अनेक महिन्यांचा असे. त्या काळात पिंपांमधील बिअर मुरून तिची चव सुधारत असे. १८२० च्या दशकात बर्टन-अपॉन-ट्रेंट येथील ऑलसॉप, बास इत्यादी निर्माते या व्यापारात उतरले. बर्टनच्या पाण्यातील सल्फेटमुळे तेथील एलचा कडवटपणा अधिक स्वच्छ व कोरडा लागत असे.

नेहमीची बिअर प्रवासात नासत असल्याने हॉजसन यांनी ही बिअर मुद्दाम शोधून काढली, ही समजूत लोकप्रिय असली तरी तिला पुरावा नाही. गडद रंगाची पोर्टर बिअरही त्याच मार्गाने भारतात येत होती व ती सुस्थितीत पोहोचत होती. तसेच उष्ण हवामानासाठी बिअरमध्ये अधिक हॉप्स घालण्याची रीत त्याआधीपासूनच ज्ञात होती. त्या काळातील इतर इंग्लिश बिअरच्या तुलनेत ही एल विशेष कडकही नव्हती.

विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये हा प्रकार सौम्य होत गेला. १९७० च्या दशकापासून अमेरिकेतील छोट्या निर्मात्यांनी कॅस्केडसारख्या सुवासिक हॉप्सचा वापर करून त्याचे पुनरुज्जीवन केले.

हॉप्सचे कार्य

हॉप्स म्हणजे ह्युम्युलस ल्युप्युलस या वेलीच्या मादी फुलोऱ्याचे शंकू. त्यांतील पिवळ्या ल्युप्युलिन ग्रंथींत आल्फा आम्ले व सुगंधी तेले असतात. माल्टचा अर्क हॉप्ससह उकळताना आल्फा आम्लांचे रूपांतर आयसो-आल्फा आम्लांत होते. कडवटपणा त्यांच्यामुळे येतो, आणि बिअर आंबवणाऱ्या अनेक जिवाणूंची वाढही तीच रोखतात. सुगंधी तेले मात्र उकळताना उडून जातात. म्हणून सुगंधासाठी काही हॉप्स उकळीच्या शेवटी किंवा किण्वनानंतर थंड बिअरमध्ये घातले जातात. कडवटपणा आयबीयू या एककात मोजतात. अमेरिकी धर्तीच्या आयपीएमध्ये तो साधारणतः ४० ते ७० आयबीयू व मद्यार्क ५.५ ते ७.५ टक्के असतो. दुहेरी आयपीएमध्ये ही दोन्ही प्रमाणे याहून अधिक असतात.

भारतात हॉप्सची लागवड हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात होते. या वेलीला उन्हाळ्यात लांब दिवस व हिवाळ्यात कडक थंडी लागत असल्याने दख्खनचे पठार तिला अनुकूल नाही.

रसास्वादन

आयपीए फार थंड प्यायल्यास सुगंध दबतो. त्यामुळे ती ७ ते १० अंश सेल्सिअस तापमानाला, वर निमुळत्या होणाऱ्या काचेच्या पेल्यात देणे योग्य मानतात. पेला पूर्ण भरत नाहीत, कारण सुगंध वरच्या मोकळ्या जागेत साठतो. प्रथम रंग व फेस पाहतात, नंतर वास घेतात आणि मग लहान घोट तोंडात फिरवून गिळतात. हॉप्सच्या जातीनुसार संत्रे, पपनस, आंबा, राळ किंवा ताज्या गवताची आठवण करून देणारे गंध येतात. कारले किंवा मेथीप्रमाणेच येथेही कडवटपणा हा दोष नसतो. तो माल्टच्या गोडव्याने तोलला गेला आहे का, आणि घोटानंतर तो स्वच्छ विरतो की घशाशी रेंगाळतो, हे पाहिले जाते. मद्यार्क व कडवटपणा तिखटाची जळजळ वाढवत असल्याने झणझणीत रश्शासोबत अतिकडू आयपीए सहसा जुळत नाही.

ओल्या पुठ्ठ्यासारखा वास ऑक्सिडीकरणाचे, लोण्यासारखा वास डायअॅसिटिलचे, तर उग्र दुर्गंध प्रकाशामुळे झालेल्या बिघाडाचे लक्षण असते. हॉप्सचा सुगंध उष्णतेने झपाट्याने उतरतो. त्यामुळे विदर्भातील उन्हाळ्यासारख्या हवामानात शीतसाखळी खंडित झाली, तर मुदत संपण्यापूर्वीच बिअर निःसत्त्व होऊ शकते.

महाराष्ट्रातील स्थिती

२००९ मध्ये पुण्यात सुरू झालेली डूलाली ही राज्यातील पहिली सूक्ष्म मद्यनिर्माणशाळा मानली जाते. 'डूलाली' हा वेडसर या अर्थाचा इंग्रजी शब्द नाशिकजवळच्या देवळाली छावणीवरून आला आहे. पुढील दशकात पुणे व मुंबई येथे अशा शाळांची संख्या वाढली आणि आयपीए अनेक ठिकाणी मिळू लागली.

'स्ट्राँग' म्हणून विकली जाणारी भारतीय बिअर व आयपीए यांत गल्लत होऊ नये. भारतीय अन्नसुरक्षा मानकांनुसार ५ ते ८ टक्के मद्यार्काची बिअर 'स्ट्राँग' ठरते. बाजारातील अशी बिअर बहुधा लागर वर्गातील, कमी हॉप्सची व गोडसर असते.

आस्वाद घेताना मद्यार्काचे भान राखणे आवश्यक असते. ७ टक्क्यांच्या ५०० मिलिलिटर बिअरमध्ये ३५ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क असतो, ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ६० मिलिलिटरमध्ये तो सुमारे २६ मिलिलिटर असतो. म्हणजेच बिअर 'हलकी' असते, हा समज या प्रकाराला लागू पडत नाही. महाराष्ट्रात बिअर पिण्यासाठी किमान वय २१ वर्षे आहे. यवतमाळला लागून असलेल्या वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात ती २०१५ मध्ये लागू होऊन २०२१ मध्ये उठवण्यात आली.