अंडं कुणाच्या वाट्याचं?

आमच्या गटांच्या बैठका सकाळी अकराला असतात. मागच्या महिन्यात एका बैठकीत मी सहज विचारलं, "आज काय खाऊन आलात गं?" बहुतेकींचं उत्तर एकच, चहा आणि खारी. त्यातल्या एकीच्या दारात दहा कोंबड्या आहेत. मी म्हटलं, "ताई, तुम्ही तरी अंडं खायचं!" तर ती हसून म्हणाली, "अंडी इकायची असत्यात, खायची नसत्यात. आन् सकाळच्या घाईत माझ्या एकटीसाठी कोण करत बसणार?"

बैठक संपली तरी तिचं बोलणं माझ्या डोक्यातून जाईना. ती बोलली त्यामागे मोठा इतिहास आहे. आज तो सांगते, आणि मग त्या घाईवरचा उपायही.

आपल्याकडे शेत, बैल, गाडी सगळं पुरुषाच्या नावावर. खुराडं मात्र बाईचं. गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते. दहा-बारा अंडी झाली की ती खुडूक होते, मग तिला अंड्यांवर बसवायचं आणि एकवीस दिवसांनी पिल्लं. उबवायची अंडी सोडून बाकीची दुकानात नाहीतर आठवडी बाजारात जायची. त्यातून मीठ यायचं, तेल यायचं, पोरांच्या वह्या यायच्या. बचत गट यायच्या कितीतरी आधी बाईची बचत खुराड्यात होती. म्हणूनच अंडं खाणं म्हणजे हातातला पैसा खाणं असं तिला वाटायचं. घरात अंडं शिजलंच, तर ते पाहुण्यासाठी, आजाऱ्यासाठी किंवा कर्त्या माणसासाठी.

शहरात अंडं सकाळच्या न्याहारीला आलं ते इराणी हॉटेलांतून. मुंबईतलं कयानी १९०४ सालचं. चहा, ब्रुन मस्का आणि ऑम्लेट-पाव ही कामावर निघालेल्या माणसाची न्याहारी झाली. तो माणूस बहुतेक वेळा पुरुषच असायचा. बायकामाणसांसाठी अशा बऱ्याच हॉटेलांत वेगळी 'फॅमिली रूम' असे. ज्या बाईला पहाटे उठून इतरांचे डबे करायचे, तिला हॉटेलात बसायला वेळ कुठला?

पुढे अंड्याचा धंदाच बदलला. व्हाइट लेगहॉर्नसारख्या जातीच्या कोंबड्या आल्या. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये वेंकटेश्वरा हॅचरीजची सुरुवात केली आणि पुणे हे कुक्कुटपालनाचं मोठं केंद्र बनलं. आजची पोल्ट्रीतली कोंबडी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते. अंडी वाढली, पण भाव व्यापारी ठरवू लागले आणि उत्पादकाचा खर्चही निघेना. तेव्हा राव यांनी गावोगावच्या पोल्ट्रीवाल्यांना एकत्र केलं आणि १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली. रोजचा भाव समितीच जाहीर करू लागली. 'संडे-मंडे'ची जाहिरात तर तुम्हा सगळ्यांना पाठ असेल.

एकत्र आल्यावर भाव मिळतो हे आपल्याला गटात कळलं, त्यांना ते तेव्हा कळलं. अंडं स्वस्त झालं, तीस-तीसच्या ट्रेमधून गावातल्या दुकानात पोहोचलं. पण पोल्ट्रीला शेड लागते, वीज लागते, कर्ज लागतं. कर्जाला सातबारा लागतो, आणि त्यावर बाईचं नाव नसतं. त्यामुळे अंड्याचा मोठा धंदा तिच्या हातात आलाच नाही, तिच्याकडे खुराडं तेवढं राहिलं.

त्या खुराड्यालाही संकटं चुकली नाहीत. मानमोडीची साथ आली की चार दिवसांत डालगं रिकामं. फेब्रुवारी २००६ मध्ये तर नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशात पहिल्यांदा बर्ड फ्लू सापडला. पोल्ट्र्यांबरोबर आसपासच्या घरांतल्या कोंबड्याही माराव्या लागल्या. कोंबडीची भरपाई एकदा मिळते, पण तिच्यामागून येणारी अंडी आणि पिल्लं थांबली ती थांबलीच.

अंडं ताटात यावं म्हणून सरकारनंही पावलं उचलली. २०१५ मध्ये आदिवासी भागात अमृत आहार योजना सुरू झाली. तिच्यात गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं पूर्ण जेवण मिळू लागलं, त्यात अंडंही. नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेतल्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचा निर्णय झाला. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा वेगळा निधी बंद झाला. काटकसर करायची वेळ आली की पहिलं अंडं जातं. घरातही तसंच होतं, आणि घरात ते जातं आपल्या ताटातून.

आता त्या ताईच्या दुसऱ्या बोलण्याकडे येते, घाईकडे. सकाळचं रात्रीच करून ठेवायचं हे आपल्याला नवं नाही. शिळ्या भाकरीचा कुस्करा आणि फोडणीचा भात आपल्या आया-आज्यांनी त्यासाठीच केला. तीच युक्ती अंड्याला लावायची.

ज्यांच्याकडे फ्रिज आहे त्यांनी रात्री अंडी उकडावी. पाण्याला उकळी आल्यावर दहा मिनिटं पुरतात. गार झाली की दोन तासांच्या आत सालासकट फ्रिजमध्ये ठेवावी, आठवडाभर टिकतात. सकाळी सोलून तिखट-मीठ, कांदा आणि लिंबू घालून भाकरीबरोबर खावी.

फ्रिज नसेल तर उकडलेलं अंडं रात्रभर बाहेर ठेवू नका, उन्हाळ्यात तर नाहीच. फोडलेलं अंडंही ठेवू नका. रात्री फक्त कांदा, मिरची, कोथिंबीर आणि मेथी निवडून, धुऊन, कोरडी करून झाकून ठेवा. चिरायचं सकाळी, त्याला दोनच मिनिटं लागतात. मग त्यात अंडी फोडा, हळद-मीठ घालून फेटा आणि अप्पेपात्रात झाकण ठेवून शिजवा. चहा उकळेपर्यंत अंड्याचे अप्पे तयार. डब्यातही नीट बसतात.

अंडं ताजं आहे का ते पाण्यात टाकून बघा. ताजं तळाशी आडवं पडतं, तरंगलं तर टाकून द्या. गावठी अंडी आणल्या आणल्या धुऊ नका. सालावरचा नैसर्गिक थर गेला की ती लवकर खराब होतात. वापरायच्या वेळी धुवा, आणि पूर्ण शिजवून खा.

एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिनं असतात, शिवाय बी-१२ असतं. दिवसभर उभ्यानं काम करणाऱ्या बाईला चहा-खारीतून हे मिळत नाही. ज्या अंडं खात नाहीत त्यांनी मूठभर मटकी नाहीतर हरभरे आदल्या दिवशीच भिजत घालावे.

त्या बैठकीत आम्ही एक गोष्ट ठरवली. कोंबड्या पाळणाऱ्या प्रत्येकीनं दहा अंड्यांतली दोन विकायची नाहीत, स्वतः खायची. घरात अंडी उकडायला घालताना माणसं मोजाल, तेव्हा स्वतःला धरून मोजा. पुढच्या बैठकीत मी तोच प्रश्न पुन्हा विचारणार आहे, आज काय खाऊन आलात गं? उत्तर तयार ठेवा.