चिमूटभर दालचिनी

लिस्बनच्या बेलें भागात १८३७ पासून विकली जाणारी, पदर सुटलेल्या पारीत अंडी-दुधाचे सारण भरून भाजलेली दोन घासांची पेस्ट्री वर दालचिनीची पूड भुरभुरून खातात. घरी करतानाही चिमूटभर पूड पुरते. पण ह्याच पुडीपायी एके काळी राज्ये झुंजली. उत्तम दालचिनी सिंहलद्वीपाची. तिच्यासाठी पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात कोलंबोस किल्ला बांधला. तेथील कारभार गोव्याच्या अधिपत्याखाली चाले. साल सोलून देण्याची वेठ सलागम जातीवर होती. १६५६ मध्ये डचांनी कोलंबो जिंकले, १७९६ मध्ये इंग्रजांनी. धनी बदलले, वेठ राहिली. ती १८३२ मध्ये सुटली, सरकारी मक्ता १८३३ मध्ये संपला. किल्ले जिंकणाऱ्यांची स्मारके उभी राहिली. साल सोलणाऱ्यांचे स्मरण निदान ही पूड भुरभुरताना तरी व्हावे.